ठिपका की फुली

टणकाकांच्या दुकानात ब्लॉक आला की आधी कॉम्प्रेसर बंद व्हायचा, मग लेथ, मग पंखा. पंखासुद्धा, कारण त्याच्या एका पात्याला टिकटिक करायची खोड होती. बोलणाऱ्यानं वाक्य असेल तिथं सोडायचं आणि चहा पिणाऱ्यानं घोट तोंडातच धरायचा. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, ज्यात सिलिंडरची भोकं असतात आणि ज्याच्या पोटात सगळा धिंगाणा चालतो ते. तो साखळीला टांगून जमिनीपासून वीतभर वर लोंबत ठेवलेला असायचा. टणकाका खिशातून बोटाएवढी पितळी हातोडी काढायचे, डोळे मिटायचे आणि ठोकायचे. एकदाच.

टण्ण.

मग ते ऐकत राहायचे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चांगलं असलं, आत कुठं केसाएवढीही चीर नसली, तर आवाज लांबत लांबत जातो आणि हवेत विरतो. चीर असली तर तो मध्येच कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखा गप्प होतो. आवाज लांबला तर टणकाका ब्लॉकच्या खालच्या काठावर पोलादी टोकाचा पंच ठेवून एक ठिपका मारायचे. नाही लांबला तर फुली. फुलीवर अपील नव्हतं. एका गिऱ्हाईकानं एकदा फुली घासून ठिपका करून आणला, तर टणकाकांनी त्याला ब्लॉकसकट रस्त्यावर काढलं होतं आणि वर त्याच्या शाळेचीही चौकशी केली होती.

त्यांच्याकडे येणारे लोक साधे नव्हते. साध्या माणसाची गाडी बिघडते, तो ती दुरुस्त करून घेतो आणि घरी जातो. इथं येणाऱ्यांच्या गाड्या उत्तम चालत असत, आणि तेच त्यांचं दुःख होतं. कारखान्यातून दीडशे घोड्यांची म्हणून निघालेली गाडी त्यांना आठशे घोड्यांची करायची असे. त्यासाठी टर्बो लावायचा, म्हणजे इंजिनाच्या घशात जबरदस्तीनं हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त भडका. हे कशासाठी करायचं असं विचारलं, तर आपण श्वास कशासाठी घेता असं विचारल्यासारखे ते बघत.

असा माणूस दारात आला की नवा कोरा टर्बो तान्ह्या बाळासारखा कवटाळून यायचा. टणकाका त्या बाळाकडे बघायचेही नाहीत. विचारायचे, "किती घोडे?"

"आठशे, काका."

"मग तबेल्याची भिंत दाखव."

भिंत म्हणजे ब्लॉक. एकदा एक तरणा गडी चकचकीत ॲल्युमिनियमचा ब्लॉक घेऊन आला. वजनाला हलका, दिसायला देखणा, पण वरून बघितलं तर सिलिंडर पाण्याच्या पोकळीत एकेकटे उभे, बाजूला आधार म्हणून काही नाही. टणकाका म्हणाले की ही तर रांगेत उभी राहिलेली माणसं आहेत, कुणी कुणाला ओळखत नाही. मागून धक्का आला की सगळी एकमेकांच्या अंगावर. दीडशे घोड्यांना ठीक आहे. आठशेला हे सिलिंडर थरथरणार, वरच्या झाकणाचं, हेडचं, गॅस्केट उडणार आणि तू मला फोन करणार. तरण्यानं एका परदेशी व्हिडिओचा हवाला दिला. टणकाकांनी त्या व्हिडिओवाल्यालाच ब्लॉक घेऊन पाठवून द्यायला सांगितलं.

ब्लॉक ठरल्यावर आतलं सामान. तिथंही त्यांचा कायदा होता. पिस्टन घडीव पाहिजे, ओतीव नको. ओतीव पिस्टन बशीसारखा असतो, फुटेपर्यंत काही सांगत नाही. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरत्या आसाशी, जोडणारे दांडे घडीव, आणि दांड्यांचे बोल्ट दांड्यांपेक्षाही चांगले, कारण भांडण नेहमी सांध्यात होतं. आणि पिस्टनच्या रिंगेची फट नेहमीपेक्षा जास्त. लोक म्हणत, फट कमी ठेवली तर दाब कमी गळेल. टणकाका म्हणत, गरम झाल्यावर रिंग फुगते. तिला फुगायला जागा दिली नाहीस तर टोकं एकमेकांना भिडतील, रिंग सिलिंडरला धरून बसेल आणि पिस्टनचं डोकं उपटून देईल. तू गरम होतोस तेव्हा तुला जागा लागत नाही का? त्यांना स्वतःला फार लागायची.

हे सगळं ते कुठल्याही वर्गात शिकले नव्हते. ज्यांच्या हाताला काळं लागतं त्यांच्या डोक्यातही काळोख असतो असं समजणारी एक जमात आहे. त्या जमातीतले इंजिनिअर गाडी घेऊन याच दारात उभे राहायचे आणि मागच्या दारानं उत्तर विचारून जायचे.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या दुकानात गेल्या चार महिन्यांत एकही ठिपका पडला नव्हता.

पहिल्या महिन्यात कुणाला काही वाटलं नाही. ब्लॉक जुन्या गाड्यांतून निघालेले, त्यात चिरा असायच्याच. दुसऱ्या महिन्यात टणकाकांनी जाहीर केलं की हल्लीचं बीडच खराब आहे. कुणीतरी आठवण करून दिली की हे ब्लॉक तीस वर्षांपूर्वीचे आहेत. टणकाका म्हणाले, मग तेव्हापासूनच खराब आहे. तिसऱ्या महिन्यात शेडमागं फुलीवाल्या ब्लॉकांचा ढीग लागला. गिऱ्हाईकं ते परत नेत नसत; फुलीचा ब्लॉक घरात ठेवणं त्यांना अपशकुन वाटायचं. तो ढीग दर गुरुवारी थोडा कमी व्हायचा. त्या दिवशी टणकाका क्रँक घासून आणायला दूरच्या ग्राइंडरवाल्याकडं जात. संध्याकाळी काकू सांगायच्या, भंगारवाला येऊन गेला.

काकू म्हणजे टणकाकांची बायको आणि दुकानाचा अर्धा भाग. सिलिंडरची भोकं मोजायची आणि आतून घासून गुळगुळीत करायची ती त्याच. गेजचा काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं हलला तरी त्यांची भुवई हलायची. पण ठिपका पडल्याशिवाय त्यांच्यापर्यंत काम येत नसे. घासायच्या मशीनवर चार महिने चादर पांघरलेली होती आणि काकूंसारख्या बाईला दुपारी झोप काढायची वेळ आली होती. दुकान असंच चाललं तर दोन-तीन महिन्यांत शटर ओढावं लागेल हे दोघांनाही कळत होतं. त्यावर ते बोलत नव्हते, कारण बोललं तर एका गोष्टीचं नाव घ्यावं लागलं असतं.

ती गोष्ट टणकाकांना आतून माहीत होती. आवाज हल्ली लांबतच नव्हता. हातोडी लागली की टण् व्हायचं आणि संपायचं. जगातलं सगळं बीड एका वर्षात तडकलं असेल यावर विश्वास ठेवणं अवघड होतं. पण दुसरी शक्यता त्याहून अवघड होती, म्हणून ते पहिलीवर ठेवत.

अशात दातवाल्या बाई आल्या. नाव काही का असेना, दुकानात त्यांना हेच नाव पडलं, कारण त्या दातांच्या डॉक्टर होत्या. बाई शांत, नखं कापलेली, आवाज मऊ, आणि मागणी नऊशे घोड्यांची. टणकाकांना त्या पहिल्याच भेटीत आवडल्या. टर्बो कवटाळून आल्या नव्हत्या. जुन्या मोठ्या गाडीतला बिडाचा सहा सिलिंडरी ब्लॉक घेऊन आल्या, जाड भिंतींचा. सोबत यादी होती: घडीव पिस्टन, घडीव दांडे, हेडला बोल्टऐवजी स्टड. रिंगेच्या फटीसमोर लिहिलं होतं, काका सांगतील ती. टणकाकांनी ती यादी दोनदा वाचली आणि काकूंना दाखवली.

मग ब्लॉक टांगला, ठोकला आणि फुली मारली. बाईंनी पंधरा दिवसांनी दुसरा आणला. फुली. तिसरा आणला तेव्हा त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि ब्लॉकच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

कॉम्प्रेसर बंद, लेथ बंद, पंखा बंद. टणकाकांनी डोळे मिटले आणि ठोकलं. टण्. त्यांनी डोळे उघडले आणि पंच उचलला.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "हा अजून वाजतोय."

दुकानातल्या माणसांनी तोंडातला चहा गिळला.

"मी दिवसभर दातांवर ठोकून बघते. मुळाशी बिघाड असला की दात वेगळा बोलतो. हा चांगला बोलतोय. तुम्ही डोळे उघडलेत तेव्हाही बोलत होता."

टणकाकांच्या मानेवरची शीर वर आली. पण आवाज चढवला नाही, कारण समोर बाई होत्या, आणि दुसरं म्हणजे त्यांना भीती वाटली होती.

"डॉक्टर, दात बत्तीस असतात. एक गेला तर एकतीस उरतात. ब्लॉक एकच असतो."

आणि त्यांनी अशी फुली मारली की दोन खाचांच्या मध्ये ठिणगी दिसली. बाईंनी वाद घातला नाही. ढकलगाडीवर ब्लॉक घातला. काकू ढकलायला मदत करायच्या निमित्तानं फाटकापर्यंत गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. दोन आठवड्यांनी बातमी आली की दातवाल्या बाईंचं इंजिन मेव्हण्याकडं बांधायला गेलंय, आणि तेही त्याच फुलीवाल्या ब्लॉकवर.

मेव्हणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. पलीकडच्या गल्लीत त्याचं दुकान. तो टणकाकांच्याच हाताखाली शिकलेला, म्हणून त्याचं काही चांगलं झालं तर श्रेय टणकाकांचं आणि वाईट झालं तर रक्ताचं, म्हणजे काकूंच्या माहेरचं. या काही महिन्यांत त्याच्याकडं कामाची रीघ लागली होती. टणकाका म्हणाले, फुलीवर इंजिन बांधतोय, फुटेल तेव्हा कळेल. तिसऱ्या सिलिंडरचा दांडा कुशीतून बाहेर येईल आणि ब्लॉकला अशी खिडकी पडेल की आतून हात घालून बाहेर टाटा करता येईल.

ती खिडकी बघायची म्हणून दीड महिन्यानं एका रविवारी सकाळी ते धुतलेला पांढरा शर्ट घालून जुन्या विमानपट्टीवर गेले. तिथं गाड्या दोन-दोनच्या जोडीनं सरळ पळवायच्या असत. ते कठड्याला टेकून उभे राहिले. खिशात हातोडी होतीच, सवयीनं.

बाईंची गाडी सुटली. टणकाकांनी दांडा बाहेर येण्याची वाट पाहिली. गाडी पट्टीच्या टोकाला गेली आणि वळून परत आली. दुसऱ्यांदा सुटली, परत आली. तिसऱ्यांदा तर इतकी जोरात गेली की शेजारचा माणूस टाळ्या वाजवायला लागला. टणकाकांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो टाळ्या खिशात घालून लांब जाऊन उभा राहिला. नऊशेच्या नऊशे घोडे तबेल्यात परतले होते. भिंतीला खरचटलंही नव्हतं.

टणकाका गाडीपाशी गेले. मेव्हणा "या भाऊजी" म्हणेपर्यंत ते पांढऱ्या शर्टासकट पाठीवर झोपून गाडीखाली सरकले होते. ब्लॉकचा खालचा काठ, तेलाचा हलका थर, त्याखाली त्यांचीच फुली. अंगठ्यानं तेल पुसलं.

फुलीच्या शेजारी एक ठिपका होता.

नेटका, खोल, आणि जरासा डावीकडं झुकलेला. टणकाका तिथंच पडून राहिले. त्यांच्या दुकानात पंच धरणारं डावखुरं माणूस एकच होतं, आणि त्याच्याशी त्यांचं लग्न झालेलं होतं.

घरी आले तेव्हा काकू लाकडाच्या भुश्यानं हाताचं ग्रीस काढत होत्या. रविवारी ग्रीस कुठून आलं हे टणकाकांनी विचारलं नाही. शर्टाची पाठ बघून काकूंना सगळं कळलं. टणकाकांनी पुढची दहा मिनिटं मेव्हणा, त्याचं दुकान, सासर आणि विश्वासघात यांवर भाषण केलं. काकूंनी तेवढ्यात दोन्ही हात स्वच्छ केले.

"किती ठिपके?" शेवटी टणकाकांनी विचारलं.

"अकरा."

"फुटले किती?"

"एकही नाही."

टणकाका खाली बसले. मग काकूंनी सांगितलं. दर गुरुवारी ढीग उचलणारा भंगारवाला म्हणजे त्यांचा भाऊ. पण त्याआधी त्या ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्या लावून बंद करायच्या, आत पंपानं गरम पाण्याचा दाब द्यायच्या आणि तासभर ठेवायच्या. भिंतींची जाडी मोजायचं यंत्र लेकीनं आणून दिलं होतं. लेक पाइपांच्या कारखान्यात तपासनीस होती. जो ब्लॉक एक थेंबही गाळत नसे त्यावर ठिपका. दातवाल्या बाईंचा तेवढा त्यांनी भावाच्या दुकानात जाऊन तपासला होता. जे गळाले ते खरोखर भंगारात गेले, तेही सात होते. दाबाच्या पाण्याची परीक्षा म्हणजे गाढवालाही कळेल अशी परीक्षा, असं टणकाका आयुष्यभर म्हणत आले होते. काकूंनी याचीही आठवण करून दिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही स्टीलचा ग्लास फेकलात त्या दिवशी सांगणार होते."

टणकाकांना ग्लास आठवला. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांनी चमच्यानं स्वयंपाकघरातला ग्लास वाजवून बघितला होता. आवाज लांबला नाही. म्हणून त्यांनी ग्लास तडकलाय असं ठरवलं होतं.

"तो तडकलेलाच होता. मागून पाणी भरून बघितलं मी, गळत होता."

"फुली मारल्यावर गळायला लागला," काकू म्हणाल्या. "पंच आरपार गेला होता, अहो."

दोन दिवस दुकान बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी लेक बापाला धरून कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. निकाल साधा होता. माणसांचं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं, पण बारीक, उंच आवाज गेले होते. चाळीस वर्षं लेथ आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये उभं राहून गेले होते. ठोक्याचा दणका पोचायचा, मागची शेपटी नाही. लेकीनं सांगितलं, बाबा, कानात बोळे घाला असं मी दहा वर्षं सांगतेय. टणकाका म्हणाले की ते ऐकू आलं होतं.

पण इतक्या सहज हार मानली तर ते टणकाका कसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि ठोकलं. आवाज हाडातून येईल असा हिशेब होता. हातोडी जरा जोरात लागली. आवाज आला नाही, पण पुढच्या दाताचा टवका गेला.

अशा तऱ्हेनं ते दातवाल्या बाईंच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून आडवे झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाचं तरी सगळं ऐकून घ्यावं लागलं. बाई काम करता करता बोलत होत्या. पाण्याचा दाब चीर सांगतो हे खरं, पण त्याला तास लागतो. टणकाकांच्या ठोक्याला एक क्षण. आणि परवा मेव्हण्याच्या दुकानात त्यांनी स्वतः एक ब्लॉक ठोकून बघितला होता. नुसतं ठक्क झालं. मेव्हण्यानं ठोकला, तेही ठक्क. कुठं ठोकायचं, किती ठोकायचं आणि हात कधी काढून घ्यायचा, ते कुणालाच जमत नव्हतं.

"वाजवायला तुम्हीच पाहिजे, काका. ऐकायला दुसरं कुणीही चालेल."

टणकाकांना यावर बरंच काही म्हणायचं होतं. तोंडात कापूस होता. बाईंनी आरशाच्या दांडीनं नीट केलेला दात हळूच ठोकला आणि कान दिला.

"ठिपका," त्या म्हणाल्या.

सोमवारी दुकान उघडलं. पहिला ब्लॉक घेऊन मेव्हणाच आला, कारण शेडमागचा ढीग आता त्याला मिळणार नव्हता. ब्लॉक झकास होता, निदान तो तसं म्हणत होता. हजार घोड्यांसाठी हेरून ठेवलेला, भिंती जाड, रंगसुद्धा मारलेला. साखळीला टांगला. कॉम्प्रेसर बंद, लेथ बंद, पंखा बंद. टणकाकांनी डोळे मिटले. जवळच काकू चादर घडी करत उभ्या होत्या, त्यांनीही मिटले.

टण्.

टणकाकांनी एक डोळा उघडून काकूंकडं बघितलं. काकूंनी घाई केली नाही. इतक्या महिन्यांची दुपारची झोप त्यांनी त्या एका क्षणात वसूल केली. मग मान हलवली. नाही.

"ताई, अगं वाजला की," मेव्हणा म्हणाला. "भाऊजी, तुम्हीच सांगा."

टणकाका काय सांगणार होते? त्यांना तर सगळेच ब्लॉक सारखे होते. बायकोचा कान खरा मानायचा की नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं.

"पाणी लाव," ते काकूंना म्हणाले. "याला कळेल अशी परीक्षा घे."

पट्ट्या लागल्या, रबर लागलं, पंप चालला. मेव्हणा घड्याळाकडं बघत होता. चाळीस मिनिटं काही झालं नाही आणि त्याचा चेहरा उजळत गेला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या भिंतीवर पाण्याचा एक मणी फुटला. जरा वेळ थांबला, आणि खाली ओघळला.

टणकाका इतके खूष झाले की त्यांनी मेव्हण्याला स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. "हल्लीचं बीडच खराब," ते म्हणाले, आणि मेव्हण्याची पाठ थोपटली. मग पंच उचलला, ब्लॉककडं बघितलं आणि तो काकूंच्या डाव्या हातात दिला. काकूंनी डावीकडं झुकलेली एक फुली मारली. हातोडी टणकाकांनी स्वतःच्या खिशात ठेवली.

दुपारी लेक डबा घेऊन आली तेव्हा कॉम्प्रेसर चालू होता. टणकाका तिला दाखवत होते, मी बसवलेली ही नवी नळी बघ, दोन वर्षं झाली, कुठं म्हणून हूं की चूं नाही. लेकीनं आईकडं बघितलं.

"दोन वर्षं सूं सूं गळतेय," काकू म्हणाल्या.

नळीपुरतं मात्र टणकाकांनी अजून मान्य केलेलं नाही.